खांबाखालचा खड्डा

मेक्सिकोच्या पूर्वेकडच्या व्हेराक्रूझ राज्यात, टेकड्यांवर वसलेल्या पापान्तला गावापासून थोड्या अंतरावर एल ताहीन नावाचं प्राचीन नगर आहे. त्याच्या शेजारी ताकिल्सुकुत हे ऐसपैस उद्यान. दरवर्षी मार्चमध्ये, दिवस-रात्र समसमान होतात त्या सुमारास, इथे ‘कुंब्रे ताहीन’ हा महोत्सव भरतो. रात्री मोठ्या मंचावर बँड, दिवसा कार्यशाळा, खाण्याचे ठेले, पांढरेशुभ्र कपडे घालून सूर्याकडून ‘ऊर्जा’ घ्यायला आलेली शहरी मंडळी. आणि या सगळ्या गजबजाटात एक उंच खांब.

खांबाच्या दिशेने पाच जण ओळीने चालत येतात. लाल विजारी, पांढरे सदरे, छातीवर आणि पाठीवर मखमलीचे अर्धगोल तुकडे, त्यांवर मणी आणि टिकल्यांची फुलं. डोक्याला टोकदार टोपी, तिच्यावर बारीक आरसे, शेंड्याला पंख्यासारखा तुरा आणि पाठीवर सुटलेल्या रंगीत फिती. तुरा म्हणजे पक्ष्याची शेंडी, आरसे म्हणजे ऊन आणि फिती म्हणजे इंद्रधनुष्य, असं सांगतात. पाचांतला जो म्होरक्या, त्याला म्हणतात कापोराल. त्याच्या डाव्या हातात बोरूचा पावा असतो आणि त्याच हाताला अडकवलेला वाटीएवढा ढोलका. उजव्या हातात काडी. पावा फुंकायचा एकाच हाताच्या बोटांनी, ढोलका वाजवायचा दुसऱ्या हाताने, आणि नाचायचं दोन्ही पायांनी. हे जमिनीवरही सोपं नाही.

खांबाभोवती फेर धरून झाला की एकेक जण वर चढतो. टोकाला एक लाकडी चौकट टांगलेली असते. चार बाजूंना चौघे बसतात, खांबाच्या शेंड्याभोवती आधीच गुंडाळून ठेवलेल्या दोरांची टोकं कंबरेला बांधतात. मधोमध, उपड्या उखळासारखा एक लाकडाचा ठोकळा खांबाच्या टोकावर बसवलेला असतो, त्याला तेकोमाते म्हणतात. हा ठोकळा फिरतो, आणि त्याच्याबरोबर चौकटही. त्या ठोकळ्यावर कापोराल आधी बसतो आणि मग चक्क उभा राहतो. त्याला दोर नाही, खाली जाळी नाही. पाऊल ठेवायला जागा किती, तर जेमतेम दोन पावलांची. तिथे तो पूर्वेकडे तोंड करून वाजवायला लागतो, मग एकेक दिशा घेत वळतो, मधेच पाठीत मागे वाकून थेट सूर्याकडे बघत पावा फुंकतो. आणि मग एका क्षणी चौघेही पाठमोरे, स्वतःला सोडून देतात.

डोकं खाली, हात पसरलेले. दोर उलगडत जातात तशी चौकट फिरते, आणि चौघे खांबाभोवती घिरट्या घालत, दर फेरीला थोडं मोठं वर्तुळ काढत खाली येतात. हिशेब असा की प्रत्येकाने १३ फेऱ्या घ्यायच्या. १३ गुणिले ४ म्हणजे ५२, आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेतल्या प्राचीन पंचांगात ५२ वर्षांचं एक पूर्ण आवर्तन. जमीन जवळ आली की झटक्यात अंग उलटं करून पायांवर उतरतात आणि थोडं धावून वेग जिरवतात. टाळ्या पडतात, मोबाइल खाली येतात. सगळा प्रकार पाव तासाच्या आसपासचा.

आपण ज्या प्रकरणाकडे बघणार आहोत ते हेच: या पाव तासाचं. या नर्तकांना ‘व्होलादोर’, म्हणजे उडणारे, म्हणतात. ते मुख्यतः तोतोनाक समाजाचे. २००९ साली युनेस्कोने ‘व्होलादोरांचा विधी’ मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. शब्द लक्षात घ्या: नाच नाही, कसरत नाही, विधी. महोत्सवात दिसतो तो त्या विधीचा शेवटचा तुकडा. बाकीचा कुठे जातो, आणि तो गेला तर काय बिघडतं, याचा पापान्तलाच्या लोकांनी लावलेला हिशेब मला फार शिकण्यासारखा वाटतो.

जे प्रेक्षकांसमोर होत नाही

विधी सुरू होतो जंगलात. कापोराल आणि त्याचे साथीदार एक झाड शोधायला जातात: उंच, सरळ, बळकट. तोतोनाक भाषेत या झाडाला त्साकात्कीवी म्हणतात. सापडलं म्हणून लगेच कुऱ्हाड घालायची नाही. जंगलाचा धनी एक म्हातारा देव आहे, किविकोलो. झाडं त्याची. त्याची परवानगी मागायची, झाडाभोवती नाचायचं, कोपालचा धूप जाळायचा, चारी दिशांना दारू शिंपडायची, आणि झाडाची क्षमा मागायची. या क्षमेची एक वेगळी धूनच आहे. मग झाड पाडायचं, तेही असं की शेंडा मोडता कामा नये. फांद्या साफ करून ते धूड गावापर्यंत ओढत आणायचं, त्या ओढण्याचीही आपली धून. हे पाच जणांचं काम नाही, अख्खा गाव लागतो.

गावात, बहुतेक वेळा चर्चसमोरच्या चौकात, खड्डा खणलेला असतो. खांब त्यात उतरवण्याआधी खड्ड्याला खायला घालायचं असतं. फुलं, मेणबत्त्या, तमाल म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात वाफवलेले उंडे, दारू, आणि एक जिवंत कोंबडी किंवा टर्की. त्यावर खांब उभा राहतो. यामागची समजूत अगदी रोखठोक आहे: खांबाला भूक असते. खाली त्याला दिलं नाही, तर तो वरून घेईल.

साताऱ्याकडचं बगाड ज्यांनी पाहिलंय त्यांना हे परकं वाटणार नाही. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला बगाड्या शिडाला टांगून घेतो, तो त्या यात्रेतला डोळ्यांत भरणारा भाग. पण होळीच्या रात्री कौल लागतो तिथपासून तो माणूस गावाचा राहत नाही, देवाचा होतो. व्होलादोरांचंही तसंच. उड्डाणाआधीचे काही दिवस दारू वर्ज्य, बायकोपासून लांब राहायचं. ज्याने हे पाळलं नाही त्याने चढू नये, कारण धोका त्याच्या एकट्याला नसतो. चार दोरांपैकी एक दोर चुकला तरी चौकट कलते.

म्हणजे विधीचं वजन कुठे आहे? झाड निवडणं, परवानगी, तोडणं, ओढणं, खड्डा, उभारणी. दिवसचे दिवस चालणारं काम. उड्डाण हा त्याचा कळस, आणि महोत्सवाला हवा असतो तो फक्त कळस.

पोलाद कसं आलं

आज पापान्तलाच्या चर्चसमोर, एल ताहीनच्या दारात, मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयासमोर जे खांब दिसतात ते पोलादी आहेत. पायऱ्या वेल्ड केलेल्या, बुंधा काँक्रीटमध्ये. महोत्सवांनी आणि पर्यटनाने परंपरेचा सांगाडा करून टाकला, असं यावर चटकन लिहिता येतं आणि लिहिलं जातंही. मला ते अर्धवट वाटतं.

पहिलं कारण झाड. पापान्तलाचा परिसर एकेकाळी दाट ओल्या जंगलाचा. व्हॅनिला इथलीच, तोतोनाकांनी ती पहिल्यांदा लावली. या वेलीला चढायला झाडं लागतात, सावली लागते, म्हणून व्हॅनिलाच्या दिवसांत जंगल निदान काही प्रमाणात टिकून होतं. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर एदमों आल्बियुस या गुलाम म्हणून जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचं हाताने परागण करण्याची सोपी रीत शोधली, आणि पापान्तलाची मक्तेदारी संपण्याच्या वाटेला लागली. (आपल्या कपातल्या व्हॅनिला आइस्क्रीमचा या दोन्ही जागांशी आता वासापुरताही संबंध असेल याची खात्री नाही, बहुतेक तो वास कारखान्यातला असतो.) मग विसाव्या शतकात शेजारच्या पोसा रिकाला खनिज तेलाचं मोठं केंद्र झालं. गुरांची कुरणं आली, संत्र्याच्या बागा आल्या. खांबाजोगं उंच आणि सरळ झाड मिळणं दुरापास्त झालं. एका सणासाठी एक झाड, हा हिशेब जंगल असताना ठीक होता.

दुसरं कारण वारंवारता. पूर्वी उड्डाण सणाला व्हायचं. पापान्तलात मुख्यतः कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणाच्या उत्सवात, मे-जूनच्या सुमारास. आता एल ताहीनच्या दारात ते रोज होतं, दिवसातून अनेकदा. तिथल्या दमट हवेत जमिनीत पुरलेलं लाकूड बुडातून कुजतं, आणि कुजलेल्या खांबावर रोज पाच माणसं चढवणं हा विधी नव्हे, वेडेपणा.

तेव्हा पोलाद आलं ते मुळात नाइलाजाने, आणि त्यात शहाणपणही होतं. पण पोलादी खांबाबरोबर खड्डा गेला. काँक्रीटचा पाया एकदाच ओततात. त्यात दरवर्षी कोंबडी सोडता येत नाही. तोडायला झाड नाही, म्हणून परवानगी नाही, म्हणून गाव जमायचं कारण नाही. काही संघ पोलादी खांबाच्या बुडाशीही कोपाल जाळतात, दारू शिंपडतात. आणि चढण्याआधी खांबाभोवती फेर धरताना क्षमेची धून वाजवतातच. हे चित्र मला फार वेळ सोडत नाही: न तोडलेल्या झाडाची क्षमा, पोलादाच्या नळकांड्यापाशी उभं राहून मागितलेली. ती पोकळ आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जंगल तर तोडलं गेलंच आहे. फक्त खांबासाठी नाही.

बघणारे नवे नाहीत

‘विधी प्रेक्षकांसाठी करायला लागले तिथेच तो बाटला’ हे म्हणणं तर इतिहासाच्या कसोटीवर अजिबात टिकत नाही. स्पॅनिश लोक आल्यापासून हा विधी परक्या डोळ्यांसमोरच होत आला आहे. फ्रान्सिस्कन पंथाचा पाद्री हुआन दे तोर्केमादा याने १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या उड्डाणाचं बारकाईने वर्णन केलंय. १३ फेऱ्या, ५२ वर्षांचं आवर्तन, हे त्याला ठाऊक होतं. पाद्र्यांनी यात सैतान पाहिला, मनाई केली. तरी ते चालू राहिलं. का? एक मोठं कारण असं की बहुतेक स्पॅनिश लोकांना त्यात पूजा दिसलीच नाही. मूर्ती नाही, वेदी नाही. माणसं दोराला लटकून गरगरतायत, म्हणजे खेळ. खेळाला कोण बंदी घालतं? मेक्सिको सिटीत राजवाड्याला लागून असलेल्या एका चौकाचं नावच ‘प्लासा देल व्होलादोर’ पडलं होतं. पुढे तिथे बाजार भरू लागला, आणि आज त्या जागेवर मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत आहे.

म्हणजे प्रेक्षकांचा गैरसमज हीच कित्येक पिढ्या या विधीची ढाल होती. ज्यांना कसरत बघायची त्यांनी कसरत बघितली. ज्यांना माहीत होतं ते दिशांना वंदन करत राहिले. कुंब्रे ताहीनमधल्या पर्यटकाने टाळ्या वाजवल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. फरक एवढाच की तेव्हा प्रेक्षक कळस बघायचे आणि खालचा विधी गाव करत राहायचा. आता खालचं करणारा गावच विरळ झालाय.

महोत्सव

कुंब्रे ताहीन सुरू झाला २००० साली, व्हेराक्रूझ राज्य सरकारच्या पुढाकाराने. सुरुवात वादातच झाली. प्राचीन अवशेषांच्या आवारात रोषणाई आणि मनोरंजनाचे कार्यक्रम, म्हणून पुरातत्त्वज्ञांनी, मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि स्थानिक लोकांनी विरोध केला. तोतोनाकांचा सवाल साधा होता: आमच्या नावावर, आमच्या जागेत, आणि आम्हाला कोणी विचारलं? पुढे मोठे जलसे अवशेषांतून निघून ताकिल्सुकुत उद्यानात गेले. ताकिल्सुकुत म्हणजे तोतोनाक भाषेत ‘आरंभ’.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती बहुतेक ठिकाणी गुळमुळीत करून सांगतात. एल ताहीन कोणी बांधलं हे ठरलेलं नाही. तिथला कोनाड्यांचा पिरॅमिड, ज्याला ३६५ कोनाडे असल्याचं सांगतात, तोतोनाकांच्या पूर्वजांचाच की दुसऱ्या कुणाचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बाहेरच्या जगाला हे नगर कळलं तेही गमतीनेच: १७८५ मध्ये तंबाखूची बेकायदा लागवड शोधत फिरणाऱ्या दिएगो रुइस नावाच्या अधिकाऱ्याला झाडीत पिरॅमिड सापडला. पण ‘ताहीन’ हा शब्द तोतोनाक आहे, त्याचा अर्थ मेघगर्जना, आणि त्या जमिनीवर राहतात तोतोनाक. महोत्सवाची जाहिरात मात्र पिरॅमिड, विषुवदिन, व्होलादोर हे सगळं एकाच घोटात पाजते, जणू पिरॅमिड बांधणाऱ्यानेच काल खांब रोवला.

२००६ साली या महोत्सवातच एक व्होलादोर खांबावरून पडून मरण पावला. हेसुस आरोयो सेरोन. तो साधा नर्तक नव्हता. मुलींना उडायला शिकवणारा पहिला गुरू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. जुन्या प्रथेत बायकांना हा खांब वर्ज्य, आणि अनेक वडीलधारे आजही त्या मताचे आहेत. सिएरा नोर्ते डोंगररांगेतल्या क्वेत्सालान गावात बायका उडतात. पापान्तलात अजूनही यावर घरोघर वेगळं मत ऐकू येईल. त्या अपघातानंतर सुरक्षापट्ट्याची, जाळीची चर्चा होणं स्वाभाविक होतं. पण आजही दोर कंबरेलाच असतो आणि कापोराल वर मोकळाच उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला हे निष्काळजीपणाचं वाटेल. आतल्या माणसाच्या लेखी पट्टा बांधून दिशांना वंदन करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. या दोन म्हणण्यांमध्ये मधला रस्ता आहे असं मला वाटत नाही, आणि तो काढायचा अधिकार तिकीट काढून आलेल्यांचा तर नाहीच.

जागा मिळाली, तिचं त्यांनी काय केलं

प्रकरणाची खरी कलाटणी इथे आहे. महोत्सवामुळे तोतोनाकांना तीन गोष्टी मिळाल्या: एक कायमची जागा, सरकारचं लक्ष, आणि थोडा पैसा. महोत्सव वर्षातून काही दिवसांचा. उरलेल्या दिवसांत ते उद्यान रिकामं का ठेवायचं?

२००६ मध्येच ताकिल्सुकुतमध्ये स्थानिक कलांचं केंद्र उभं राहिलं. इमारत एक नाही. तोतोनाक वस्तीसारखी घरं, आणि प्रत्येक घर म्हणजे एक शाळा. मातीकामाचं घर, कापसाचं घर, रंगांचं घर, औषधोपचारांचं, संगीताचं, नाटकाचं, स्वयंपाकाचं. सगळ्यांत आधी लागतं ते कान्तियान, म्हणजे वडीलधाऱ्यांचं घर. तिथे आजे बसतात. कोणत्याही कलेचा विद्यार्थी आधी तिथे जातो आणि ‘तुझ्यात कोणतं देणं आहे’ हे त्यांच्याबरोबर बसून शोधतो. शिकवायची भाषा तोतोनाक. २०१२ साली युनेस्कोने हे केंद्र वारसा जपण्याच्या चांगल्या पद्धतींच्या नोंदवहीत घेतलं.

व्होलादोर मुलांची शाळा याच उद्यानात आहे. आठ-दहा वर्षांची पोरं येतात, आणि पूर्ण व्होलादोर व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. कल्पना अशी होते की पोरं येतील आणि दोराला लटकतील. तसं नाही. पावा कसा धरायचा, एका हाताने ढोलका आणि पावा दोन्ही कसे सांभाळायचे, कोणती धून कधी, ती क्षमेची, ती चालण्याची, ती चार वाऱ्यांची, ती उड्डाणाची, ती निरोपाची. दिशांची नावं आपल्या भाषेत. किविकोलोला काय म्हणून हाक मारायची. झाड कसं निवडतात, खड्ड्यात काय आणि कोणत्या क्रमाने ठेवतात. म्हणजे प्रेक्षकांसमोर कधीच होत नाही तो सगळा भाग. पोर रोज बघतंय पोलादी खांब, आणि शिकतंय लाकडी खांबाचा विधी.

त्याच विचारातून झाडांचा मुद्दा आला. युनेस्कोच्या नोंदणीसाठी व्होलादोर संघांनी मिळून जो संवर्धनाचा आराखडा केला, त्यात त्साकात्कीवीची लागवड आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत नेमकं निदान. सांस्कृतिक खात्यांची सवय वेशभूषा, वाद्यं आणि मंच यांवर पैसा घालायची. नाच टिकवायचा तर आधी रोपवाटिका काढा, असं कोणत्या अर्जात लिहायचं?

महोत्सवाचा आणखी एक उपयोग झाला, ज्याची आयोजकांनी फारशी जाहिरात केली नसेल. व्होलादोर एकट्या पापान्तलाचे नाहीत. नाहुआ, ओतोमी, सान लुइस पोतोसी राज्यातले तेनेक, आणि ग्वाटेमालातल्या माया समाजांतही खांबावरचं उड्डाण आहे. तेनेकांच्या तामालेतोम गावात हा ससाण्याचा नाच आहे. ग्वाटेमालातल्या होयाबाखला, चिचिकास्तेनांगोला आणि कुबुल्कोला चौघांऐवजी दोघे उडतात, आणि माकडांची सोंगं खांबाभोवती धिंगाणा घालतात. महोत्सवात व्होलादोरांचे मेळावे भरायला लागल्यावर हे लोक एकमेकांना भेटले. ‘खरं उड्डाण कोणतं’ या वादाला तिथे जागाच उरत नाही. समोर चार वेगळी खरी उड्डाणं असतात. पापान्तलाच्या पोराला आपलाच विधी दुसऱ्याच्या अंगावर वेगळ्या रूपात दिसतो. पर्यटकाला कदाचित चारही सारखेच वाटत असतील.

न सुटलेलं

हे सगळं वाचून महोत्सवाने परंपरा वाचवली असं वाटत असेल तर थांबा. एल ताहीनच्या दारातल्या व्होलादोरांची कमाई आजही मुख्यतः प्रेक्षकांनी टोपीत टाकलेल्या पैशांवर. गर्दी पुरेशी जमेपर्यंत थांबायचं, टोपी फिरवायची, मग चढायचं. पाऊस आला, पर्यटक नाही आले, की दिवस वाया. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने महोत्सवही बंद पडला आणि अवशेषांचं दारही. जो संघ रोजच्या प्रेक्षकावर उभा होता त्याला सणाच्या प्रेक्षकाने सांभाळलं नाही. बरेच व्होलादोर समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळी, कानकूनच्या बाजूला, जाऊन उडतात. तिथे ना किविकोलो, ना त्याचं जंगल. पण महिन्याचा हिशेब जुळतो. त्यांना नावं ठेवणं फार सोपं आहे, विशेषतः ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याला.

आणि मूळ तिढा आहेच. पाव तासाचा मोबदला मिळतो, दिवसांच्या विधीचा नाही. झाड तोडायला जाणारी तीस-चाळीस माणसं, खड्ड्यातलं अन्न, उपवास, यांना तिकीट लावता येत नाही. आपल्याकडे गोंधळ्यांचं हेच झालंय. लग्नानंतरच्या गोंधळात घट मांडायचा, सगळ्या देवांना नावं घेऊन बोलवायचं, रात्रभर जागवायचं. आणि महोत्सवात मिळतात वीस मिनिटं, त्यात संबळ दणदणीत वाजला पाहिजे. गोंधळी वीस मिनिटं उत्तम वाजवतो. पण पोराला घट मांडायला कधी शिकवणार? पापान्तलाने या प्रश्नाला दिलेलं उत्तर असं: मंचाची वेळ वाढवून मागू नका, ती मिळणार नाही; मंचाच्या आवारातच शाळा काढा, आणि प्रेक्षक घरी गेल्यावर शिकवा. उत्तर अपुरं आहे, सरकार बदललं की डळमळणारं आहे. पण दुसऱ्या कोणाकडे याहून बरं मी तरी पाहिलेलं नाही.

उद्यानात दुपारचं उड्डाण संपतं तेव्हा चौघे जमिनीवर आलेले असतात आणि कापोराल अजून वरच असतो. टाळ्या त्या चौघांना. तो वर एकटा, चौकट हळूहळू थांबत आलेली. मग एका दोराला धरून सरसर खाली येतो. पाचही जण पुन्हा ओळ धरतात आणि खांबाभोवती शेवटचा फेर घालतात. पाव्यावर निरोपाची धून. एव्हाना बहुतेक लोक खाण्याच्या ठेल्यांकडे वळलेले असतात. धून पूर्ण वाजवली जाते.